कायटनला मी दिलेले चौदा पाय

समुद्रातल्या कायटन नावाच्या प्राण्याला मी एकदा चौदा पाय दिले. हसू नका. सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला मी नुकती लागले होते, कडक इस्त्रीच्या साड्या नेसत होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंग असतं. टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या मांडायच्या, मुलांनी मिनिटभरात प्राणी ओळखून लिहायचा, घंटा वाजली की पुढच्या बाटलीकडे सरकायचं. त्यातल्या एका बाटलीवरची चिठ्ठी कधीच गळून गेली होती. आत पाठीवर आडव्या पट्ट्या असलेलं, गोळी होऊन पडलेलं काहीतरी. कुणाला विचारायचं? छे! भवानी पेठेतल्या आमच्या न्हाणीत ओल्या विटेखाली असले गोळी होणारे किडे मी लहानपणापासून बोटानं डिवचत आले होते. उत्तरांच्या यादीत झोकात लिहिलं: पिलबग, आर्थ्रोपोडा, पायांच्या सात जोड्या.

मैंदर्गीच्या एका मुलीनं लिहिलं होतं: कायटन, मोलस्का. म्हणजे शंख-शिंपल्यांचा भाऊबंद. मी लाल शाईनं काट मारली. ती एका मार्कानं नापास झाली. नापास मुलीची होस्टेलची खोली जायची, आणि खोली गेली की हिचं कॉलेजच संपणार होतं. रोज एवढ्या लांबून येऊ द्यायला घरचे तयार नव्हते.

ती बाटली घेऊनच माझ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, ह्येला पाय कुटं हायत?”

“गोळी झाल्यावर आत घेतो तो.”

“मग काढून दावा की.”

“तू समुद्र बघितलायस का कधी?” काय हा प्रश्न! जणू मी रोज समुद्रावर फिरायला जात होते.

“न्हाय. पण आटपर्यंत मोजता येतंय. पट्ट्या आट हायत, पुस्तकातबी आटच हायत.”

ती तरुण बाई, म्हणजे तेव्हाची मी, आज भेटली तर मी तिचे कान उपटीन. मुलगी गेल्यावर दार लावून मी चिमट्यानं ती गोळी उलगडली. पाय नव्हतेच. खाली नुसता एक रुंद, चपटा मांसल तळवा, खडकाला घट्ट धरून बसायला. खडकावरून उपटला की बिचारा पोट झाकायला गोळी होतो.

विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, “सोलापुरात कुणाला कायटन भेटणार आहे? निकाल लागलाय, राहू दे.”

राहू दे! खडकावरचं शेवाळ खरवडायला ज्याच्या दातांवर लोहचुंबकाच्या खनिजाचा थर असतो, ज्याच्या काही जातींच्या पाठीवरच्या कवचातच खनिजाच्या भिंगांचे डोळे असतात, नखाएवढ्यापासून फूटभरापर्यंत ज्याचे हजारभर प्रकार जगात आहेत, त्याला गावात समुद्र नाही म्हणून न्हाणीतला किडा ठरवायचं? आणि ज्या पोरीनं तो ओळखला तिनं घरी बसायचं? आजही आठवलं की माझा चहा निवतो.

पण खरं सांगते, त्यांचं ‘राहू दे’ ऐकून आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. राग जिना उतरताना आला, आणि पहिल्यांदा स्वतःचाच. तशीच प्राचार्यांकडे गेले आणि ‘चूक माझी आहे’ असं लिहून दिलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, त्यामुळे सही जरा वाकडीच आली.

मार्क वाढले, खोली वाचली. मी मोठ्या ऐटीत होस्टेलवर सांगायला गेले. आता ही पाया पडेल, मग मी ‘अगं, राहू दे’ म्हणेन, असं सगळं मनात ठरवून. तिनं ऐकून घेतलं, ओढणी नीट केली आणि म्हणाली,

“मी भांडले म्हणून मला मार्क मिळाले, मॅडम. ज्यांनी बरोबर लिवलं आन् गप बसले, त्यांचे पेपर कुटं हायत?”