माझा न निघालेला आवाज

या पेजवरचे भुताखेताचे अनुभव मी कॉलेजपासून वाचतेय, पण टाइमपास म्हणून. खरं काही वाटलं नाही कधी. लिहायचं तर नव्हतंच.

मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकते. गेल्या उन्हाळ्यात जवळच नोव्हाय गावात राहणाऱ्या मावशीबरोबर उत्तर मिशिगनला गेले होते. तिथे धक्क्याला कोस्ट गार्डचं जुनं आइसब्रेकर जहाज बांधून ठेवलंय. कित्येक हिवाळे त्याने ग्रेट लेक्सवरचा बर्फ फोडून मालवाहू जहाजांना वाट करून दिली. आता म्युझियम आहे.

गाइड वयस्कर होते, त्याच जहाजावर नोकरी केलेले. त्यांनी खाली नेऊन कडेच्या टाक्या दाखवल्या. जहाज बर्फात रुतलं की एका बाजूच्या टाकीतलं पाणी दुसऱ्या बाजूला सोडायचे, म्हणजे ते डुलून सुटायचं. पाणी सोडण्याआधी दारावर तीनदा ठोकायचं. आत सफाईला कोणी असेल तर तो उलट ठोकणार.

"एनीबडी एव्हर गेट लेफ्ट इन्साइड?" मावसभाऊ आदित्यने हसत विचारलं.

गाइड वळून पुढे चालू लागले.

मी फारशी बोलत नाही, म्हणून आदित्य सकाळपासून मला 'म्यूट बटन' म्हणत होता. त्याने मला रिकाम्या टाकीत ढकललं, लोखंडी दार लावलं आणि बाहेरून ते घट्ट करायचं चाक फिरवलं. "से समथिंग, आय'ल ओपन!"

मागून मावशी हसली. "ओरड गं जरा. आम्हालाही कळू दे, तुला आवाज आहे ते."

मला दमा आहे. इनहेलर मावशीच्या पर्समध्ये होता. छाती आवळत गेली, ओरडायला श्वासच उरला नाही... म्हणून मी दारावर ठोकलं. तीनदा.

उत्तर आलं – माझ्या पाठीमागून. त्या भिंतीपलीकडे फक्त लेकचं पाणी आहे.

दार उघडलं. आदित्य पांढरा पडला होता. "ओके, ओके, स्टॉप स्क्रीमिंग!"

मी तोंडही उघडलं नव्हतं.

मी इनहेलर ओढत असताना गाइड धावत आले. दार लावून त्यांनी चाक घट्ट आवळलं. आम्ही सगळे बाहेर होतो. आतून कोणीतरी ठोकलं. तीनदा.

"प्लीज, ओपन इट," मी म्हणाले. त्या ट्रिपमध्ये पहिल्यांदाच आपणहून बोलले.

त्यांनी मान हलवली. "लीव्ह इट. ही स्टॉप्स आफ्टर अ व्हाइल."

आदित्यने त्याच्या जोकचा व्हिडिओ काढला होता. मावशी तो प्रत्येक पार्टीत लावते – "बघा, आमच्या मुकीचा आवाज!" सगळे पोट धरून हसतात.

व्हिडिओत ओरडणारा आवाज पुरुषाचा आहे. तो कोणाचा, हे मला माहीत नाही. आणि बाकी कोणालाच तो पुरुषाचा का वाटत नाही, हेही कळत नाही.