बारशाच्या दिवशी नेलेला संगणक

माझी थोरली बहीण चिंचणीला राहते. तिच्या लेकीला परदेशात मुलगा झाला. बारसं इंटरनेटवरून दाखवणार होते. ताईकडे साधा बटणांचा फोन. म्हणून बोईसरच्या आमच्या ऑफिसातून बाद झालेला, मी घरी आणून ठेवलेला संगणक तिला द्यायचं मी कबूल केलं.

"चित्र नि आवाज दोनी येतात ना रे? बघून आण हां," ती म्हणाली.

"बघितलंय. एकदम चालतो."

बघितलं नव्हतं. सुरू केला, पडदा उजळला, तेवढ्यावर धूळ पुसून मी तो रिक्षात घातला.

बारशाला ताईनं शेजारच्या बायका बोलावल्या होत्या. चहा झाला. शेजारच्यांचं वायफाय जोडून मी लिंक उघडली. लेक बाळाला घेऊन उभी दिसली आणि चित्र तिथंच थिजलं. आवाज तर नाहीच. मी बटणं दाबत राहिलो.

"इथं नेटच नाय धड," मी म्हणालो.

खिशात माझा फोन होता. त्यावर त्याच नेटनं सहज लावता आलं असतं. पण तिथं लागलं असतं तर माझं निमित्त उघडं पडलं असतं. मी हात खिशाकडे नेला नाही.

मग ताई त्या थिजलेल्या चित्राकडे बघून हळू आवाजात पाळणा म्हणू लागली. बायकांनी सूर धरला. मी वायरी तपासल्यासारखं करत टेबलाखाली वाकून राहिलो. नातवाचं नाव ताईला लेकीच्या फोनवरून संध्याकाळी कळलं.

संगणक परत आणला. घरी दहा मिनिटांत कळलं: ब्राउझर फार जुना, आतला स्पीकर बंद. हे आदल्या दिवशीही कळलं असतं.

पुढच्या रविवारी नवा ब्राउझर टाकून, बाहेरचे स्पीकर घेऊन गेलो.

"ताई, नेट चांगलं होतं. मी तपासलंच नव्हतं. आणि माझा फोनही होता खिशात."

ती भाजी निवडत होती. "तवाच समजलं मला. तू माझ्याकडं बघतच नव्हतास."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या लेकीनं पाठवलेलं बारशाचं चित्रण मी लावलं. आवाज स्पष्ट आला. ती पुढे सरकून बसली, आणि मला तिच्या शेजारी बसवेना, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.