तुणतुण्याची खुंटी

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं न विचारता काढायची. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. आमच्या पथकातलं आता कुणी उरलं नाही, म्हणून असेल.

आमच्या कलापथकाचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लालबागच्या चाळीतली आम्ही मूठभर गिरणीतली पोरं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत आधी आमचा पोवाडा, मग पुढाऱ्यांची भाषणं. परळ, नायगाव, गिरगाव — पाळी सुटली की धावायचं. पुढे तबकड्या निघाल्या, रेडिओवर गायलो, गावोगाव सत्कार झाले. अजूनही नवी पोरं येतात, पाया पडतात. म्हणतात, शाहीर, तुमच्यामुळे आम्ही डफ हातात घेतला. मी डोक्यावर हात ठेवतो. काय करणार?

कारण शाहीर मी नव्हतोच हो. शाहीर होता दत्ताराम, माझा मावसभाऊ. मी त्याच्या मागे उभा राहून त्याच्या ओळींना झील ओढायचो आणि तुणतुणं वाजवायचो. कोकणातून मला मुंबईत आणलं त्यानेच, गिरणीत चिकटवलं त्यानेच, जेवायचो ते वहिनीच्या हातचं. त्याचा आवाज? लाउडस्पीकर बंद पडला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जायचा. आणि माणूस म्हणाल तर देवमाणूस. तिथेच तर माझं दुखणं होतं.

एकदा नायगावला लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. कुणा कार्यकर्त्याने त्याच्या वहाणा माझ्या हातात कोंबल्या — "शाहिरांच्या आहेत, नीट धर." अरे, त्याच पोवाड्यात ओरडून माझाही घसा बसला होता! मला कोण विचारतो? वहाणा धरून मी मिरवणुकीच्या मागून चालत राहिलो. आत नुसती आग आग.

आमच्याकडे पेटी नव्हती. सूर द्यायचा तो तुणतुण्याने, आणि त्याची खुंटी माझ्या हातात. दत्तारामाचा सूर मी झोपेतही लावला असता. तर — कसं सांगू — मी ती खुंटी जराशी जास्त पिळली. एकदा त्याची फजिती व्हावी, बस्स. पण तो चढ्या सुरातही गायला, टाळ्या उलट जास्तच पडल्या. मग पुढच्या सभेला आणखी जराशी. मग रोजच.

गाणाऱ्याला कळत नाही का? कळतं. गाता गाता त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं होतं. मी मान डोलावली — बरोबर आहे म्हणून. त्याला ते पटलं. तुणतुणं भावाच्या हातात होतं ना.

मग त्याने दोष कुणाला दिला? स्वतःला. विडी सोडली. ज्येष्ठमध चघळत कामावर जायला लागला. वहिनीने घरातलं आंबटच बंद केलं — माशाच्या कालवणात कोकम नाही, सोलकढी नाही, पोरांनासुद्धा नाही. ते फिकं कालवण मी त्यांच्या पंगतीला बसून जेवलो. आणि वर त्यालाच म्हणालो, "दादा, गळो जपाक होयो." काय जीभ म्हणायची ही!

शिवाजी पार्कच्या मोठ्या सभेत, पोवाड्याच्या ऐन शेवटाला, त्याचा आवाज फाटला. सगळं मैदान चिडीचूप. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या — कीव आली म्हणून. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गायचं नाव काढू नका. त्या दिवशीही खुंटी मीच पिळली होती. आदल्या रात्री त्याला रक्ताची गुळणी टाकताना पाहिलं होतं — तरी पिळली.

पथक मोडू नये म्हणून दत्तारामानेच डफ माझ्या हातात दिला. तुणतुणं त्याने घेतलं. पहिल्या तालमीला त्याने मला सूर दिला — तोच चढा, ज्यात मी त्याला गायला लावलं होतं. माझा आवाज पोचेना. म्हटलं, जरा खाली घे. त्याने घेतला. म्हटलं, आणखी. खुंटी सैल करत करत तो एका जागी थांबला. तार पुन्हा छेडली. कान लावून ऐकली. तो त्याचा स्वतःचा जुना सूर होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तुणतुणं डोक्यात घालणार. घालायलाच हवं होतं. पण तो घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला, "ह्यो सूर बरो आसा. हेच्यातच गा. गळो सांभाळ तुझो."

नंतर कितीतरी वर्षं तो माझ्या मागे उभा राहिला — प्रत्येक सभेला, प्रत्येक सत्काराला, मरेपर्यंत. खुंटी त्याच्या हातात होती. एकदाही त्याने ती चढवली नाही.