व्हेस्नाची वही अन् शोभाचं ‘तुमी’

किश्श्यांचं कापसासारखं असतं. वेचताना हाताला वजन लागत नाही, ओटी आपली भरत जाते, अन् संध्याकाळी गाठोडं उचलायला गेलं की दोन माणसं लागतात! आमच्या घरी गेल्या वर्षभरात असं एक गाठोडं जमलं. सगळं शब्दांचं. आता मला अक्षर येत नाही. पण कानात पडलेलं मी विसरत नाही, तेवढं एक देवानं दिलं.

तर एक होती अमरावती. तिच्यात एक गल्ली, गल्लीत एक घर अन् घरात तीन बायका. एक मी, सगळ्यांत बुढी. दुसरी माझी सून शोभा, अकोल्याची लेक. तिसरी शोभाची सून व्हेस्ना. ती सर्बिया नावाच्या देशातली.

माझा नातू अमोल जर्मनीत नोकरीला होता. तिथं ही भेटली अन् गडी लग्न करून मोकळा! आईला फोटो पाठवला, तोही लग्न झाल्यावर. इकडे शोभानं तिवश्याची पोरगी पाहून ठेवली होती. साडीसुद्धा घेतली होती.

शोभा चिडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती अदबीनं वागायला लागली. आमच्याकडे घरच्या पोरीला “काहून वं”, “इकडे ये वं पोट्टे” म्हणतात. ‘तुमी’ म्हणतात डॉक्टरला, जावयाला अन् पाव्हण्याला. शोभानं नव्या सुनेला पहिल्या दिवशी म्हटलं, “बसा तुमी.” झालं! ते ‘तुमी’ काही सुटेना.

दोघं एका वर्षासाठी आले होते. अमोल घरूनच कॉम्प्युटरवर काम करायचा. “करमलं तं राहू आजी, नाई तं परत जाऊ,” म्हणाला. आता माझ्या वयाच्या बाईला ‘परत जाऊ’ म्हटलं की ती बोटांवर दिवस मोजायला लागते.

*

व्हेस्नाचा धंदाच शब्दांचा. कोणता शब्द कोणाच्या पोटचा, कोण कोणाचा चुलत, हे ती तिकडे कॉलेजात शिकवायची. हातात कायम एक वही. मराठी पुण्याच्या कोण्या बाईकडून कॉम्प्युटरवर शिकून आलेली. पहिल्याच जेवणाला म्हणाली, “कृपया मला मीठ द्याल का?”

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो. आमच्या घरात मीठ असं कोणी मागतच नाही. “आन इकडे” म्हणतात!

शेजारच्या हमीदाबी कपडे शिवतात. सून पाहायला आल्या. कानानं जरा कमी. शोभाला म्हणाल्या, “नाम क्या है बहू का?”

शोभा तोंड फिरवून म्हणाली, “वेस्ना.”

“वासना? तोबा तोबा! ऐसा नाम कोन रखता वो बेटी का?”

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं! मग अमोल गेला समजवायला, व्हेस्नाला अन् मला संगं घेऊन. म्हणे, त्यांच्या जुन्या भाषेत ‘वेस्ना’ म्हणजे आपला वसंत. हजारो वर्षांमागं त्यांचे अन् आपले पूर्वज एकच बोली बोलायचे. मग वाटा फुटल्या, पण जाताना ज्यानं त्यानं शब्द गाठोड्यात बांधून नेले.

हमीदाबी म्हणाल्या, “तो सीधा बहार बोलो ना! हमारे में बसंत को बहार बोलते.”

व्हेस्ना टुणकन उठली. “बहार! आजी, हासुद्धा तोच शब्द आहे! एकाच मुळाचा!” अन् घेतला वहीत लिहून.

हमीदाबी हात पुढं करून म्हणाल्या, “मतलब मैं बी तुम्हारी रिश्तेदार हुई! तो फिर शादी की मिठाई किधर है?”

*

एकदा दुपारी मठ्ठा केला होता. व्हेस्नानं ग्लास वर उचलला अन् माझ्याकडे पाहून म्हणाली, “झिवेली!”

मी म्हटलं, “हो माय, जेवली.”

तिनं शोभाकडे ग्लास केला. “झिवेली!”

शोभा म्हणाली, “जेवली जी. तुमी जेवल्या?”

अमोलच्या नाकातून मठ्ठा आला! मग कळलं की त्यांच्याकडे ग्लास उचलला की असं म्हणतात. जिवंत राहा, जगा, असा त्याचा अर्थ. त्यातला जीव अन् आपला जीव एकच.

मी म्हटलं, “मंग जेवली बी तेच असन. जेवल्याबिगर जीव राहते का वं? लिहून टाक!”

व्हेस्नानं बोट हलवलं. “नाही आजी. हे फक्त सारखं ऐकू येतं. नातं नाही.”

मी तीन दिवस मागं लागली. नाहीच लिहिलं. मोठी इमानदार पोरगी!

*

माझा लेक, म्हणजे अमोलचा बाप, फार बोलत नाही. बोलायचं काम त्याच्या मिश्या करतात. अशा मिश्या आता गल्लीत कोणाच्या राहिल्या नाहीत. रोज तेल लावतो.

एका सकाळी तो चहा पीत बसला होता. व्हेस्ना स्वयंपाकघरातून ओरडत आली, “मिश! मिश!”

लेकानं कप खाली ठेवला अन् मिशीला हात लावला. काही चिकटलं का म्हणून डावी पुसली, उजवी पुसली.

“मिश! मोठा मिश!” पोरगी खुर्चीवर चढून उभी.

लेक बिचारा आरशासमोर गेला. तेवढ्यात त्याच्या पायावरून उंदीर गेला!

व्हेस्ना खुर्चीवरूनच सांगते, “मिश म्हणजे मूषक! गणपतीचा मूषक! एकच शब्द!” माझा लेक वर्षात चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक तेव्हा बोलला. “शब्द नंतर. आधी झाडू आना.”

*

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. व्हेस्ना माझ्यापुढं वही घेऊन बसली. म्हणाली, “आजी, नाती सांग. नवऱ्याचा भाऊ?”

“दीर.”

“आमच्याकडे देवेर! मुलाची बायको?”

“सून.”

“स्नाहा! दिराची बायको?”

“जाऊ.”

“येत्र्वा!”

मी म्हटलं, हे काही जमलं नाही बाई, हे तू ओढून आणलं. तर तिनं मला संस्कृतातला मधला शब्द सांगितला, यातृ म्हणून. म्हणाली, त्याची एक मुलगी तुमच्याकडे जाऊ झाली, एक आमच्याकडे येत्र्वा झाली. मला माझी थोरली जाऊ आठवली. वलगावच्या घरी मी सून होऊन गेली तेव्हा बारा-तेरा वर्षांची. भाकर थापता येईना. थोरली आपल्या थापलेल्या भाकरी माझ्या टोपल्यात सरकवायची अन् सासूला सांगायची, “पाय आता, शिकली हे.” जाऊन तिला वीस वर्षं झाली. आज कोण्या लांबच्या देशात तिचं नातं वहीत लिहिलं जात होतं. मी पदरानं डोळे पुसले, व्हेस्नानं वहीचं पान उलटलं.

मग हळूच म्हणाली, “अन् नवऱ्याची आई?”

“सासू.”

“स्वेकर्वा,” ती जोरात म्हणाली. स्वयंपाकघरात शोभाला ऐकू जावं म्हणून.

आतून भांडं आपटलं. शोभा दारात! “शिवी देऊन राहिल्या का तुमी मले?”

पाहा! भांडताना तर डॉक्टरशीही माणूस ‘तू’वर येतो! ही रागातही तुमीच!

मला हसू आलं. व्हेस्ना हसली नाही. शोभा आत गेल्यावर मला म्हणाली, “आजी, आमच्याकडेही दोन शब्द आहेत. तू ला ती, आणि तुम्ही ला वी. वी म्हणायचं परक्याला. पोलिसाला. मी आईंसाठी पोलीस आहे का?”

मी म्हटलं, “पोलिसाले आमी इतलं तूप नाई वाढत वं.”

*

एकदा तिला घराण्याचा कागद काढायचा होता. कोणाचा बाप कोण, कोणाची लेक कोण. माझ्यापाशी येऊन थांबली. “आजी, आजोबांचं नाव?”

मी आपली वाती वळत राहिली.

“अमोलला विचारते.”

“त्याले विचार.”

“पण तू का सांगत नाहीस?”

लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, ते शेवटचं. पन्नास वर्षं संसार केला ‘अवो’ अन् ‘ऐकलं का’ वर. माणूस जाऊन दहा वर्षं झाली, तरी जीभ वळत नाही. भेवच वाटते. मी तिला सांगितलं, काही नावं घ्यायची नसतात. रात्री सापाचं नाव घेत नाही, लांबडं म्हणतो. तसंच हे.

व्हेस्नाचे डोळे चमकले. म्हणाली, “आमच्याकडेही! जंगलातल्या एका जनावराला लोक इतके भ्यायचे, की त्याचं खरं नाव घेणंच सोडलं. म्हणायचे ‘मेदवेद’. मध खाणारा! मेद म्हणजे तुमचं मध. खरं नाव कायमचं विसरून गेले.”

“कोनतं जनावर वं?”

ती शब्द आठवू लागली. आठवेना. मग दोन्ही हात वर करून, पंजे काढून, गुरगुरून दाखवलं.

“अस्वल!” मी ओरडली. “माह्या नवऱ्याले अस्वल म्हनते का वं!”

ती घाबरून “नाही नाही” करायला लागली. अन् मला हसू आवरेना. अंगावर केस होतेच माणसाच्या. गुळाची भेलीही एकटाच संपवायचा!

*

मग आला उन्हाळा. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे कावळासुद्धा सावली धरून चालतो. शोभानं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दुपारी आम्ही सगळे कूलरपुढं आडवे.

एक वाजता शोभाला जाग आली. पाहते तर व्हेस्ना घरात नाही. अंगणात येऊन वर पाहिलं. गच्चीवर ही गोरी पोरगी, डोक्याला ना पदर ना रुमाल, कुरडया उलटवून राहिली! कोणी सांगितलं नव्हतं. आईंना मदत म्हणून!

शोभा अशी ओरडली की हमीदाबींची मशीन बंद पडली.

“अवं ए पोट्टे! मरतं का तू तिथी? उतर खाली! डोक्शाले फडकं तं बांधाव! भाजून निंगाली पाय कशी! काही अक्कल हाय का तुले?”

व्हेस्ना हलेना. वरूनच म्हणाली, “आई, पुन्हा म्हणा.”

“काय म्हनू?”

“आत्ता म्हणालात ते.”

“उतर म्हन्तलं न तुले! भयरी हाय का तू?”

पोरगी हसत हसत खाली आली. नाक टमाट्यासारखं लाल. शोभानं तिला खसकन ओढून मोरीत नेलं, डोक्यावर पाणी घातलं, तळपायाला कांदा चोळला, अन् तोंडाचा पट्टा एक मिनिट थांबला नाही. तीन दिवस नाकाची साल निघत होती अन् बाई खुशीत! मला येऊन सांगे, “आजी, आज आईंनी मला अकरा वेळा ‘तू’ म्हटलं. दोन वेळा ‘येडी’.”

*

अन् मग आत्ता परवाची गोष्ट.

वर्ष संपत आलं होतं. परतीची तिकिटं काढायची की नाही, ते या महिन्यात ठरवायचं होतं. अमोल मामाकडे अकोल्याला गेला होता. आल्यावर ठरवू म्हणाला.

आठवडाभर व्हेस्नाचं काही ठीक नव्हतं. फोडणीचा वास आला की तोंडावर हात ठेवून पळे. हमीदाबींच्या झाडाची कैरी मात्र मिठासंगं बसून खाई. तिला वाटलं ऊन बाधलं. शोभा नुसती पाहत होती.

त्या दिवशी सकाळी व्हेस्ना पाण्याची बादली उचलायला गेली, तर शोभा म्हणाली, “राहू द्या. तुमी उचलू नोका.”

थोड्या वेळानं, “तुमी बसा पाहू.”

मग दुधाचा ग्लास पुढं केला. “तुमी घ्या हे.”

पोरीचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन बसली, आवाज रडका. “आजी, पुन्हा वी! सकाळपासून तीन वेळा! मी काय केलं? मी अमोलला फोन करते, तिकिटं काढ म्हणते.”

मी शोभाकडे पाहिलं. शोभा ताट वाढत होती. एक भाकर ठेवली. तिच्यावर तूप सोडलं. मग दुसरी ठेवली, तिच्यावरही सोडलं. ताट व्हेस्नापुढं सरकवलं.

“जेवून घ्या तुमी दोघं.”

व्हेस्नानं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

“दोघं? आई, अमोल अकोल्याला आहे. मी एकटीच आहे.”

शोभानं कपाळावर हात मारला. “अवं येडे! वर्षभर दुनियेचे शब्द मोजून राहिली त्या वहीत, अन् दोन मोजता येत नाई तुले?”