बसण्याचे चार पाउंड

लोकांना वाटतं, कॅसिनो नेहमी आपल्याविरुद्ध खेळतो. रुलेटच्या टेबलावर खेळतो, ते खरं आहे. पोकरच्या खोलीत मात्र कोण जिंकलं आणि कोण हरलं याच्याशी कॅसिनोला काडीचं देणंघेणं नसतं. तिथे माणसं एकमेकांचे पैसे घेतात आणि कॅसिनो त्यांच्याकडून भाडं घेतो. ते भाडं गोळा करायचं काम मी लेस्टरमधल्या एका कॅसिनोत सात वर्षं केलं.

घरी आई सगळ्यांना सांगायची, "मुलगी हॉस्पिटॅलिटीत आहे." डॉक्टरांच्या घरातली, गणितात पदवी घेतलेली मुलगी पत्ते वाटते, हे बेलग्रेव्ह रोडवर साड्या बघताना भेटलेल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतंच. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. काम आवडायचं. माझे हात पत्त्यांवर चांगले चालायचे, आणि उद्धट माणसाला हसतहसत गप्प करायची कला आईकडूनच आली होती.

भाड्याची रीत सोपी होती. प्रत्येक डावात टेबलाच्या मधोमध चिप्सचा ढीग जमतो. त्यातले शंभराला पाच, एका मर्यादेपर्यंत, मी दोन बोटांनी उचलायचे आणि टेबलाला पाडलेल्या फटीतून खालच्या डब्यात सोडायचे. जिंकणारा खुशीत असतो, उरलेला ढीग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत असतो, त्याचं लक्ष नसतं. हरणाऱ्याचे तर गेलेलेच असतात. म्हणून ही फी कुणालाच दुखत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, आणि ते तळं आमच्या टेबलाखाली साचायचं. दुपारी बाराला नऊ जण खिशात पैसे घेऊन बसायचे, पाचला उठायचे, आणि नऊ जणांचे मिळून पैसे दर वेळी कमीच भरायचे. प्रत्येक जण मात्र शेजारचा जिंकला असं समजून घरी जायचा.

दीड वर्षापूर्वी एका मंगळवारी दुपारी त्या खोलीत मामा आले.

मामा म्हणजे आईचे मानलेले भाऊ. माझे वडील नोकरीसाठी इथल्या हॉस्पिटलात आले तेव्हा आम्हाला घर मिळेना, म्हणून पहिले चार महिने आम्ही मामा-मामींकडे राहिलो. त्या वर्षी आईने त्यांना राखी बांधली आणि ते नातं कायमचं झालं. मी अकरा वर्षांची होते. शाळेच्या पहिल्या दिवशी वडिलांची ड्युटी होती, तर मला सोडायला मामा आले. फाटकापाशी मी त्यांचा हात सोडेना, म्हणून ते चक्क वर्गापर्यंत आले आणि बाईंना म्हणाले, "माय नीस. शी इज व्हेरी गुड ॲट मॅथ्स." वडील गेले त्यानंतर तर घरातलं मोठं माणूस म्हणजे तेच. ते भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर झाले, आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या.

मी पत्ते पिसत होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. कोण जास्त लाजलं ते आजही सांगता येणार नाही. "गुड आफ्टरनून, सर," मी म्हणाले. "गुड आफ्टरनून," ते म्हणाले आणि सहा नंबरच्या खुर्चीत बसले. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

आमच्याकडे नियम स्पष्ट होता. घरातलं कुणी खेळायला आलं तर त्याच दिवशी वर कळवायचं, मग त्या माणसाने दुसऱ्या कॅसिनोत जायचं. मी ठरवलं, उद्या सांगू. उद्या म्हणता म्हणता वर्ष उलटलं. मंगळवारी आणि गुरुवारी मामा यायचे, मी पत्ते वाटायचे, आणि त्यांनी जिंकलेल्या ढिगातून माझ्याच बोटांनी पाच टक्के उचलायचे. एकदा दुपारभर मी मनातल्या मनात हिशेब ठेवला. त्या दिवशी ते सहा पाउंड जिंकून उठले, शीळ घालत गेले. त्यांच्या ढिगांतून मी अठ्ठावीस काढले होते. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने आम्हाला चार महिने घरात ठेवलं आणि भाड्याचा शब्द काढला नाही, त्याच्याकडून मी भाडं वसूल करत होते.

एकदा माझी शिफ्ट लवकर संपली तेव्हा ते बसस्टॉपवर सापडले. मी म्हणाले, "मामा, तुम्ही इथे येऊ नका."

"का? हरतोय का मी?"

"हरत नाही. झिजताय."

"अगं, मी रुलेटला हात तरी लावतो का? धिस इज स्किल. कॅसिनो माझ्या अगेन्स्ट खेळतच नाही."

"खेळत नाही म्हणूनच सांगते. त्याला खेळायची गरजच नाहीये. तुम्ही जिंका नाहीतर तुमच्या टेबलावरचा तो टॅक्सीवाला जिंकू दे, डब्यात पडायचे ते पडतातच."

ते हसले. "आमच्या जळगावला याला नाल म्हणायचे. अड्डेवाला पहिल्या डावापासून नाल काढायचा. तू काही नवीन नाही सांगितलंस मला." मग म्हणाले, "घरी काय करू, सांग. चार वाजता अंधार पडतो. टीव्हीशी भांडू?"

"आमच्याकडे या."

"तुमच्याकडे तुझी आई असते आणि तिचे गुडघे. तू तर इथे असतेस."

बस आली, ते चढले. त्या दिवसापासून मला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या एकत्र बसत नव्हत्या. मामा त्या टेबलावरून उठायला हवे होते, आणि मी ते लपवलं होतं हे कुणाला कळायला नको होतं.

गेल्या शरद ऋतूत वरच्या लोकांनी रीत बदलली. ढिगातून टक्के काढणं बंद झालं. आता जो बसेल त्याने दर अर्ध्या तासाला चार पाउंड द्यायचे, डाव खेळो न खेळो. उतावळ्या खेळाडूंना हे आवडलं, कारण त्यांचे ढीग शाबूत राहू लागले. मारले गेले ते मामांसारखे. मामा चांगले पत्ते आल्याशिवाय डावात उतरायचे नाहीत. तासतासभर पत्ते बघायचे, खाली ठेवायचे, चहा प्यायचे. जुन्या रीतीत अशा माणसाची फी नगण्य. नव्या रीतीत तो एकही डाव न खेळता तासाला आठ पाउंड देणार. मला वाटलं, आता तरी हे उठतील. ते उठले नाहीत. उलट मलाच त्याच सुमारास सुपरवायझर केलं, तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर, आणि दर अर्ध्या तासाला ट्रे घेऊन टेबलाभोवती फिरायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या गुरुवारी मी निघाले. टॅक्सीवाल्याने कुरकुरत चार चिप्स टाकल्या. त्याच्या शेजारच्या बेकरीवाल्याने टाकल्या. मग मामा. त्यांनी उजव्या हातात चिप्स घेतल्या, डावा हात उजव्या कोपराला लावला आणि माझ्या ट्रेत हळूच ठेवल्या. एकदम बारीक आवाजात म्हणाले, "घे, बाळ."

आमच्या घरात मोठ्या माणसाने हातावर पैसे ठेवले की लगेच वाकायचं. भाऊबीजेला मामा आईच्या ताटात ओवाळणी टाकायचे आणि मग माझ्या हातात पाकीट ठेवायचे, मी पाकीट धरून वाकायचे. चाळिशीला आलेली मी अजून तशीच वाकते, त्यात विचार करायचा प्रश्नच येत नाही. मी वाकले. एका हातात ट्रे, दुसरा हात त्यांच्या बुटावर. बोटांना चामडं लागलं, बुटाशेजारी कॅसिनोचं लाल कार्पेट दिसलं.

"लॉस्ट समथिंग, लव्ह?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"अ चिप," मी म्हणाले आणि उभी राहिले. मामा समोरच्या पत्त्यांकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

छतावरचे कॅमेरे काही लाजत नाहीत. सोमवारी मॅनेजरबाईंनी बोलावलं. बाई एडिनबराच्या, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी पडद्यावर मला मीच दाखवली. आवाज नव्हता. एक म्हातारा ट्रेत काहीतरी ठेवतो आणि एक बाई टेबलाखाली जाते. कुणालाही संशय यावा असंच ते दिसत होतं. ट्रेतल्या चिप्स बरोबर भरल्या होत्या, हे त्यांनी आधीच बघितलं होतं. मी समजावून सांगितलं की आमच्यात मोठ्यांच्या पाया पडतात, हाताला सवय आहे. त्यांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "त्या टेबलावर त्याच वयाचे आणखी तीन जण होते, त्यातला एक तर भारतातलाच. त्यांच्या पाया नाही पडलीस?"

"सवय," मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी एक कागद पुढे केला. या व्यक्तीशी तुमचं कौटुंबिक नातं आहे का? खाली यादी होती, आईवडील, भाऊबहीण, काका-मामा, कुणीही. शेवटी 'हो' आणि 'नाही'चे दोन चौकोन. बाई म्हणाल्या, "नातं असेल तर आत्ता सांगून टाक. ते दुसरीकडे खेळतील. तुला एक वॉर्निंग मिळेल. बस, तेवढंच."

'हो' लिहिलं असतं तर सुंठीवाचून खोकला गेला असता. वर्षभर विनवून मला जे जमलं नाही ते एका खुणेने झालं असतं. पण 'हो' नंतरचा प्रश्न मला दिसत होता: कधीपासून येतात? वर्षभरापासून. मग वर्षभर तू गप्प का? आणि माझं प्रोबेशन तर नुकतंच सुरू झालं होतं. मी मनाशी म्हणाले, बिचाऱ्यांच्या दुपारी कशाला काढून घ्या. हे मी मनाशी म्हणाले, पण खरं कारण ते नव्हतं. मी घाबरले होते. आणि घाबरलेल्या माणसाला पळवाट बरोबर सापडते. कागद विचारतोय कौटुंबिक नातं. मामा आईचे सख्खे नाहीत, चुलत नाहीत, आडनाव वेगळं, जात वेगळी, गाव वेगळं. एक राखी, तिची काय कुठे नोंद आहे? मी 'नाही'वर खूण केली आणि सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली, याची मला आता जास्त लाज वाटते.

गुरुवारी पुन्हा बोलावलं. या वेळी बाई बसल्या नाहीत. "त्या गृहस्थांना आम्ही मंगळवारी विचारलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी लिहून दिलंय की तू त्यांची भाची आहेस. बहिणीची मुलगी. आणि असंही की तू त्यांना बरेचदा येऊ नका म्हणून सांगितलंस, तेव्हा तुला बोल लावू नये."

मी राखीचं सांगायचा प्रयत्न केला. मानलेला भाऊ म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगायला लागले तर माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. आणि खरं म्हणजे त्या घटकेला मला ते सिद्ध करायचं होतं की नाकारायचं होतं, हेही मला ठरवता येईना. बाई म्हणाल्या, नात्याचं मला काही नाही, सहीचं आहे. लायसन्सवर काम करणाऱ्या माणसाने खोटी सही केली तर त्याला टेबलावर उभं करता येत नाही. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मी बॅज काढून टेबलावर ठेवला. मामांनाही तिथे यायची बंदी झाली.

आईला सांगितलं की शिफ्ट बदलत होत्या म्हणून सोडली. मामांकडे मात्र चार दिवस जायचा धीर झाला नाही. पाचव्या दिवशी गेले. त्यांनी दार उघडलं, "ये," म्हणाले, आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला वळले. मी मागोमाग गेले. मला वाटलं होतं, माझी नोकरी गेली म्हणून ते हळहळतील, आणि मी म्हणेन जाऊ द्या हो मामा, आणि ते प्रकरण मिटेल. त्यांनी आलं किसलं. साखर माझ्या कपात दीड चमचा घातली, न विचारता. मग पाठमोरेच म्हणाले, "बाईंना मी विचारलं, भाचीने काय लिहिलंय. त्या सांगत नव्हत्या. मीच फार मागे लागलो."

"मामा, त्या फॉर्मवर कौटुंबिक नातं विचारलं होतं," मी म्हणाले. "म्हणजे लीगली. रक्ताचं."

त्यांनी चहा गाळला. एक कप माझ्यापुढे ठेवला आणि कपाचा कान माझ्याकडे वळवला.

"हो," ते म्हणाले. "मलाही तोच फॉर्म दिला होता."