करीमच्या जनाज्याची काळजी

मांडवगणात आमच्यातल्या मयताला आंघोळ घालायचं काम माझं. माणूस मातीत जातो, त्याचे किस्से मात्र मशिदीच्या ओट्यावर साचत राहतात. मी हसणारा माणूस नाही. तरी सांगतो.

टेम्पोवाला करीम रोज प्यायचा. सणसवाडीत कुणा कामगारानं त्याला सांगितलं, "शराबी के जनाजे की नमाज नहीं होती." करीमची जागच्या जागी उतरली! टेम्पो थेट मशिदीपुढं.

"मौलाना, मला बिननमाजाचंच पुरणार व्हय?"

मौलाना बिहारकडचे. म्हणाले, "नहीं भाई. गुनहगार भी मुसलमान है. दुआ की जरूरत तो उसी को ज्यादा है."

"सुटलो!" म्हणून करीम गेला. कुठं? दारूच्या दुकानात!

*

मौलाना खवळले. जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळ्यांसमोर मुद्दाम मराठीत बजावलं, "लोकांना धडा मिळावा म्हणून मोठा आलिम, म्हणजे धर्मपंडित, अशाची नमाज पढवायला नाही म्हणू शकतो. दुसऱ्या कुणी पढवावी."

करीम मागून उठला. "मौलाना, तुमी मोठं आलिम हाय का?"

हो म्हणावं तर घमेंड. नाही म्हणावं तर करीम गळ्यात! मौलानांनी पाणी मागवलं.

*

एका जनाज्याला गावातले आप्पा पाटील मयताला मान म्हणून आमच्या रांगेत उभे राहिले. मौलानांनी "अल्लाहु अकबर" म्हणताच आप्पा कमरेत वाकले. शेजारी करीम होता.

"आप्पा, सरळ व्हा! ह्या नमाजात वाकायचं नसतंय. सगळं उभ्याउभ्या!"

दोन-चार मिनिटांत उरकलं. आप्पा म्हणाले, "एवढ्यात झालं? आमच्या दशक्रियेला नुसता माईक टेस्ट करायला ह्याच्यापेक्षा जास्त टाइम लागतो!"

*

पुढं करीमचं लिव्हर गेलं. दौंडच्या दवाखान्यात मला बोलावून घेतलं.

"चाचा, आंघोळ तुमीच घाला. पर तोंडाजवळ जाऊ नका. वास यील."

"आधी मर तर," मी म्हणालो.



"चाचा, नमाजाला माणसं येतील ना?"

"मी येईन."

*

माणसं आली. कब्रस्तानात रांगा लागल्या. मौलाना स्वतःच पुढं उभे राहिले. रिवाजाप्रमाणं त्यांनी वळून विचारलं, "करीमभाई कैसे थे?"

"अच्छे थे" एवढंच म्हणायचं असतं. पण मयतासमोर खोटं कोण बोलणार? सगळ्यांच्या माना खाली. माझीही. मौलानांनी पुन्हा विचारलं.

तेवढ्यात कुंपणाजवळून दारूच्या दुकानाचा मालक रडत ओरडला, "लई चांगला माणूस, मौलाना! एक दिवस खाडा केला न्हाई!"

मौलानांनी डोळे मिटले. हात कानापर्यंत नेले.

"अल्लाहु अकबर!"