खारट हाताची पोर

"ए मिठागर, जॉबला हात नको लावू. गंज चढेल."

सर हे सगळ्या वर्गासमोर म्हणाले. ठाण्यातलं कॉलेज, अकरावी व्होकेशनलचं वर्कशॉप. लेथवर नुकताच कातलेला लोखंडी तुकडा माझ्या हातात होता. त्यालाच जॉब म्हणतात. पोरं हसली. मी तो खाली ठेवला. आईबाप बाळकुमकडे मिठागरात राबतात, हे पहिल्या दिवशी मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं. शहाणी!

मग माझ्या हातात आली तेलाची बुधली. पोरांनी जॉब कातायचे, मी फडक्याने तेल लावायचं. गंज लागू नये म्हणून. लेथ मला नाहीच.

आणि ही बया काय करायची? घरी येऊन लिंबू आणि राखेने हात घासायची. मीठ निघावं म्हणून! सालपटं निघाली, मीठ नाही.

आई म्हणायची, "हात कनाला जाळतंस गो?"

"तुला नाही कळणार."

कळत मला नव्हतं. एकदा तर तळहात चाटून बघितला. खारट. म्हटलं, सर बरोबरच बोलतात. कुणाचाही हात चाटला तरी खारटच लागेल, हे त्या दीडशहाणीच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणाचा चाटायची सोय नव्हती म्हणा.

मग मला कावीळ झाली. बरी होऊन परत आले तर कपाटातले नवे जॉब गंजलेले. माझ्यामागे तेल कुणी लावलंच नव्हतं. सगळ्यांवर बोटांचे तांबूस ठसे. मी तर घरी पडून होते.

"सर, हे कसं झालं?"

"हवा दमट आहे गं. खाडी जवळ."

माझा हात असला की मीठ. पोरांचा असला की हवा. त्या दिवसापासून लिंबू बंद.

बारावी संपताना एका कंपनीचे साहेब आले. मशीनवर घ्यायला मुलं निवडायची होती. मी कोपऱ्यात, बुधली घेऊन.

"ही काय करते?"

"ही? ही तेल लावते."

सगळे खदखदून हसले. साहेबसुद्धा.

मी बुधली सरांच्या टेबलावर आपटली. "आता तुम्हीच लावत बसा तेल." लेथजवळ गेले, मशीन चालू केलं. सरांनी मेन स्विच पाडला. "घरी जा." गेले नाही. कॉलेज सुटेपर्यंत बंद मशीनला धरून उभी राहिले. साहेबांनी पोरं घेतली. मला नाही.

पुढे दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. मशीनपर्यंत पोचेस्तोवर केस पिकायला लागलेले. लोक म्हणतात, "पोचलात ना शेवटी!" पोचले. दमून.

आता डोंबिवलीच्या एका कॉलेजात जाते. बारावी व्होकेशनल झालेल्या मुलामुलींना कंपनीत जाण्याआधी तयार करते. लेथवर मुलींचा हात चांगला बसलाय. काल तिथले तरुण सर म्हणाले, "आजी, कंपनी मुलींना पॅकिंगलाच घेणार आहे. एकदा आत तर शिरू दे. तुम्ही पण तशाच शिरलात ना?"

हल्ली गोड बोलतात. एवढाच काय तो बदल.

"शिरले, आणि अर्धं आयुष्य खोकी बांधली."

"मग या घरी बसतील, आजी."

मुलींनाच विचारलं. एक म्हणाली, "खोकी तर माझी मम्मी पण बांधते. त्यासाठी लेथ शिकले काय?" बाकीच्यांनी माना हलवल्या. एकीने नाही हलवली. तिच्या घरी पगाराची वाट बघतायत. तिला जायचं तर जाऊ दे, तिला मी अडवणार नाही.

बाकीच्यांच्या आया मला शिव्या घालतील. घालू दे. गुडघे गेले, कान अजून शाबूत आहेत. ऐकून घेईन.

सोमवारी कंपनीची माणसं येतील. मशीनवर मुली हव्या असतील तर या उभ्या आहेत. नसतील तर गेट उघडं आहे. आल्या वाटेने जावं.